घाटातला तांब्या



नाणेघाट हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. श्रावणात तिथं गेलेलेही पुष्कळ असतील. धुकं, धबधबे, वाऱ्यानं उलटं उडणारं पाणी हे सगळं पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर जत्रा भरते. उन्हाळ्यात मात्र तिकडं कुणी फिरकत नाही. भर मे महिन्यात कोकणातून पायी नाणेघाट चढणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा गरजू. २०२४च्या मे महिन्यात, दुसऱ्या रविवारी, मी तो चढलो. वैशाख नुकताच लागला होता आणि माझं वय होतं पंचावन्न. वेडा होतो की गरजू, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

आमचं घर मूळचं जुन्नरचं. आम्ही मन्यार, म्हणजे बांगड्या भरणारे. माझे अब्बा तरुणपणी खांद्यावर बांगड्यांच्या माळा आणि पाठीवर पेटी घेऊन गावोगाव हिंडत. जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर करत नाणेघाटानं खाली उतरायचं, मुरबाडच्या बाजूच्या वाड्या-वस्त्या घ्यायच्या आणि पुन्हा त्याच वाटेनं वर यायचं. हे चालायचं चैत्र-वैशाखात, कारण तीच लग्नसराई. नवरीला हिरवा चुडा हवा, करवल्यांना बांगड्या हव्यात, मांडवातल्या साऱ्या बायकांचे हात भरायला हवेत. दाम रोख मिळे तसं भाताच्या नाहीतर नाचणीच्या मापानंही मिळे. त्यामुळं लोक ज्या दिवसांत सावली शोधतात, त्याच दिवसांत अब्बांचा घाट सुरू व्हायचा. काच पाठीवर घेऊन दगडी पायऱ्या उतरणं म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं. घरात बांगडी फुटली असं अब्बा कधी म्हणत नसत. तुमच्या-आमच्या आयाबायांसारखेच तेही म्हणत, "वाढली."

२००३ साली अब्बा गेले. त्याआधी चार-पाच वर्षं त्यांनी मला एक काम सांगितलं होतं. मी "दिवाळीनंतर बघू," म्हणालो, "मुलांच्या परीक्षा होऊ देत," म्हणालो. ते काम एकवीस वर्षं राहून गेलं. काय काम, ते ओघात सांगतो.

मी आता कल्याणला राहतो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडं जाणारी एसटी धरायची आणि मुरबाडच्या पुढं वैशाखरे गावाजवळ उतरायचं. गावाचं नावच वैशाखरे! तिथून डाव्या-उजव्या फाट्यांना न भुलता समोरच्या डोंगराकडं चालत राहायचं. नाणेघाट लांबूनच ओळखू येतो. कड्याचं एक टोक अंगठा उभा करावा तसं आकाशात गेलेलं दिसतं, त्याला नानाचा अंगठा म्हणतात. त्याच्या शेजारची खाच म्हणजे आपली खिंड. नाना आणि गुणा या दोघांनी पैजेवर दोन घाट खोदायला घेतले, नानाचा आधी झाला, अशी गोष्ट तिकडं सांगतात. नाण्यांच्या जकातीवरून नाणेघाट, असंही लोक सांगतात. दोन्ही कथा चालताना बऱ्या वाटतात.

माझ्याबरोबर माझी मुलगी होती. तिनं बजावलं होतं, "अब्बा, सहाला चालायला लागायचं, नऊच्या आत माथा." पण मीच उठायला उशीर केला. पहिली गाडी गेली, दुसरीही गेली, आणि आम्ही वैशाखऱ्याला उतरलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. चूक सर्वस्वी माझी. धडधाकट माणसाला ही चढण अडीच-तीन तासांची. म्हणजे आम्ही बरोबर ऐन उन्हाच्या तोंडी सापडणार, हे हिशेब करूनच ठरल्यासारखं झालं.

पहिला तासभर वाट रानातून जाते आणि ती सुखाची आहे. मे महिन्यातलं रान उजाड असतं असा आपला समज. पण तसं नाही. कुड्याला पांढरी फुलं होती, बहावा पिवळा लोंबत होता आणि करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर झाल्या होत्या. दोन ठाकर पोरी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन रस्त्याकडं निघाल्या होत्या. एक द्रोण घेतला. मुलीला म्हटलं, "खा, रक्तवाढीला चांगली." ती म्हणाली, "तुम्ही पाणी जपून प्या." मी दोन लिटरची बाटली घेतली होती आणि पहिल्या तासातच अर्धी संपवली होती.

ओढ्याचं कोरडं पात्र ओलांडलं की रान मागं राहतं आणि दगडी वाट सुरू होते. ही वाट दोन हजार वर्षांहून जुनी. सोपारा, कल्याण ही बंदरं आणि वरचं जुन्नर, त्याही पलीकडचं पैठण, यांना जोडणारा हा सातवाहनांचा राजमार्ग. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात सोपारा, कल्याण आणि पैठण या तिन्हींची नावं आहेत. जहाजातून उतरलेला माल बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर याच पायऱ्यांनी वर गेला. पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. त्यांवरून हात फिरवला की इतिहास वगैरे आठवतो. पण त्या दिवशी हात टेकवत नव्हता, इतका दगड तापला होता. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण उन्हात तव्यासारखा होतो. वरून ऊन, खालून दगडाची धग आणि दोन्हीकडच्या कड्यांमुळं वाऱ्याला वाट नाही. अकराच्या सुमाराला माझ्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले.

इथं एक गोष्ट अनुभवानं सांगतो. घामावाटे नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. मी नुसतं पाणी ढोसत होतो, म्हणून गोळे आले. मुलीनं मीठ-साखरेचं पाणी आणलं होतं, ते तिनं घोट घोट पाजलं. उन्हाळ्यात अशा वाटेला जायचं तर माणशी चार लिटर पाणी, मीठ-साखर, डोक्याला सुती फडकं, आणि पहाटेची निघण्याची वेळ एवढं हवंच. डोकं गरगरलं, मळमळलं, तर तिथंच सावलीला बसावं, वर जायचा हट्ट धरू नये. घाट कुठं पळून जात नाही.

मीही बसलो असतो, पण सावली नव्हती. सावली होती ती आणखी थोडं वर, गुहेत. मुलगी म्हणाली, "अब्बा, पन्नास पावलं मोजा आणि थांबा. परत पन्नास." असं करत करत आम्ही गुहेत पोचलो.

ही ती प्रसिद्ध गुहा. खिंडीच्या तोंडाच्या थोडं अलीकडं, कातळात कोरलेली मोठी चौकोनी खोली. आत शिरलं की गारवा अंगावर येतो. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. १८२८च्या उन्हाळ्यात विल्यम साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी इथं भटकत आला आणि त्यानं जगाला हा लेख दाखवला. पुढं १८८३ साली जर्मन पंडित गेऑर्ग ब्यूलर यांनी त्याचं वाचन छापलं. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नायनिका, जिला आपण नागनिका म्हणतो, तिचा हा लेख. आरंभी देवांना नमस्कार आहे. मग यज्ञांची यादी आणि यज्ञांत दिलेल्या दानांची मोजदाद. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांत. आपण आज जे २, ४, ६, ७, ९ लिहितो त्यांची फार जुनी रूपं या भिंतीवर आहेत, म्हणून गणिताचा इतिहास लिहिणारेही या गुहेपर्यंत येतात. मागच्या भिंतीशी राजघराण्यातल्या आठ जणांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या. पावलांच्या खुणा आणि वरची काही नावं तेवढी राहिली.

मी भिंतीला पाठ लावून बसलो आणि मुलगी हातातल्या पुस्तकातून मला वाचून दाखवू लागली. एका शब्दाशी मी तिला थांबवलं. राणीचं वर्णन करताना लेखात प्राकृतात शब्द आलाय, 'मासोपवासिनी'. महिनाभर उपवास करणारी.

श्रोतेहो, मी त्या गुहेत ज्या कारणासाठी आलो होतो त्याला हा शब्द येऊन भिडला. आता ते कारण सांगतो.

१९५४ साल. त्या वर्षी वैशाख आणि रमजान दोन्ही एकाच चंद्रानं सुरू झाले. अब्बा अठरा वर्षांचे. लग्नसराई हातची घालवणं परवडणारं नव्हतं आणि रोजा सोडायचा नाही हा तरुण वयातला हट्ट. पहाटे सेहरीला भाकरी खाऊन ते खालच्या एका वाडीतून निघाले आणि उरलेल्या बांगड्या पाठीवर घेऊन घाट चढू लागले. दुपारी या गुहेपाशी त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते पडले. किती वेळ पडून होते त्यांनाही ठाऊक नाही. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा शुद्ध आली. समोर एक माणूस बसला होता. घाटघरच्या बाजूचा, हिरड्याचं ओझं घेऊन खाली निघालेला. त्यानं गाठोड्यातून पितळी तांब्या काढला होता आणि गुहेजवळच्या टाक्यातून भरून आणला होता.

तो म्हणाला, "पी."

अब्बांनी हाताची ओंजळ पुढं केली. त्या काळी रीतच तशी होती. आम्हा लोकांना गावात पाणी मिळे, नाही असं नाही; पण ते वरून ओंजळीत मिळे. तांब्याला ओठ लागायचा नाही. बांगडी भरताना तासभर ज्या बाईचा हात हातात असे, तीही पाणी वरूनच ओतत असे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, अब्बांनाही नाही. त्यांनी सवयीनं ओंजळ धरली.

त्या माणसानं ओंजळीकडं पाहिलं आणि तांब्या अब्बांच्या हातात दिला. म्हणाला, "हात कापत्यात तुझे. सांडंल. तोंड लावून पी."

अब्बा प्यायले. मग आठवलं की आपला रोजा आहे. ते रडायला लागले. त्या माणसाला वाटलं, बांगड्या फुटल्या म्हणून रडतोय. तो त्यांच्याबरोबर खाली बसला आणि पेटीतल्या धड बांगड्या वेगळ्या काढू लागला. चार-पाच डझन वाढल्या होत्या. बाकीच्या त्यानं एका सुतळीत ओवून दिल्या, आणि राहिलेलं पाणी स्वतः पिऊन, त्याच तांब्यानं, ओझं उचलून उतरणीला लागला. अब्बांनी त्याचं नाव विचारलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

घरी आल्यावर दादीनं समजूत घातली. प्रवासात असलेल्याला आणि आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, मागाहून भरून काढता येतो, हे कुराणातच आहे. ईदनंतर अब्बांनी तो एक रोजा भरून काढला. अल्लाचा हिशेब फिटला. पण ते म्हणायचे, "त्या माणसाचा हिशेब राहिला." आम्ही भावंडं म्हणायचो, "अब्बा, पाणी कुणीही देतं." ते म्हणायचे, "पाणी सगळे देतात रे. त्यानं तांब्या दिला."

आणि म्हणून त्यांचं मागणं होतं की उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी नाणेघाटात एक पाणपोई ठेव. आमच्याकडं मोहरमच्या दिवसांत वाटसरूंसाठी पाणी-सरबत ठेवतात, त्याला सबील म्हणतात. अब्बा जुन्नरला दरसाल सबीलीवर उभे राहत. पण त्यांच्या मनातली खरी सबील घाटात होती आणि ती मांडणं माझ्याकडून झालं नाही.

गुहेबाहेर पाण्याची टाकी आहेत, कातळात खोदलेली. नाणेघाटात राणीच्या लेखाखेरीज आणखीही छोटे लेख आहेत. त्यातल्या एकात एवढंच म्हटलंय की सोपाऱ्याच्या गोविंददासानं हे टाकं दान दिलं. प्राकृतात टाक्याला 'पोढी' म्हणतात. एका ओळीचा लेख. सोपाऱ्याहून आलेला हा कुणी गोविंददास याच उन्हातून चढला असेल, त्याचाही घसा सुकला असेल. राणीच्या गाई, घोडे, हत्ती कुठं गेले ते सांगता येत नाही. टाक्यात मात्र मे महिन्यातही तळाला पाणी होतं. शेवाळलेलं होतं, प्यायचं धाडस आम्ही केलं नाही. पण मुलीनं ओढणी भिजवून आणून माझ्या डोक्यावर ठेवली. अब्बांच्या डोक्यावर पडलेलं पाणी इथलंच. मी बराच वेळ काही बोललो नाही. तीही बोलली नाही.

ऊन कलल्यावर शेवटची चढण चढलो. दोन्ही बाजूंना उंच कातळ आणि मधून वर जाणारी अरुंद दगडी नळी. माथ्यावर पाऊल ठेवलं आणि वाऱ्यानं आम्हाला अक्षरशः मागं ढकललं. मागं वळून पाहिलं तर कोकण उन्हात थरथरत होतं. उजव्या अंगाला जीवधनचा किल्ला आणि त्याच्याजवळचा तो एकटा सुळका, वानरलिंगी. त्याला खडा पारशी असंही म्हणतात. शाब्बास त्या बारसं करणाऱ्याची! खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. मी आत डोकावलो. वाळकी पानं आणि वेफरची दोन पाकिटं.

रांजणापासून थोड्या अंतरावर बांबू आणि ताडपत्रीची एक टपरी होती. वीस-बावीस वर्षांचा मुलगा लिंबू सरबत आणि ताक विकत होता आणि बाजूला त्याची आजी बसली होती. ऐंशीच्या पुढची असावी. आमच्याकडं पाहून ती नातवाला म्हणाली, "आरं, आदी पानी दे त्येंला." त्यानं माठातून तांब्या भरून दिला. मी तोंड लावून प्यायलो, आणि मग पुन्हा भरून घेऊन पुन्हा प्यायलो.

माझ्या मनात काय आलं असेल, तुम्ही ओळखलं असेल. मी विचारलं, "आजी, फार वर्षांमागं जुन्नरहून एक मन्यार यायचे बांगड्या घेऊन, या घाटानं. आठवतात का?"

आजी म्हणाली, "बांगडीवालं लई यायचं बाबा. कोन कोन ध्येनात ठेवायचं?"

मी हिरड्याच्या ओझ्याच्या माणसाविषयीही विचारलं. ती हसली. "हिरडा तर समदंच गाव न्हेतं."

खरं आहे. त्या दिवशी मला कुणी तरी भेटेल, नाव कळेल, अशी एक बालिश आशा होती. ती तिथंच संपली. पण आजीनं मग माझ्या मुलीचा हात हातात घेतला आणि रिकामं मनगट बघून म्हणाली, "मन्याराची नात ना गं तू? आन् हात मोकळा?" मुलगी लाजली. इतक्या वर्षांत कुणी तिला मन्याराची नात म्हटलं नव्हतं.

सरबताचे पैसे दिले तेव्हा मी पाण्याचेही देऊ लागलो. मुलगा म्हणाला, "पाण्याचे नाही घेत. सरबताचे तेवढे द्या."

मग मी त्याला माझ्या मनातलं सांगितलं. दोन मोठे माठ घेऊन देतो, गावातून पाणी आणण्याची मजुरी देतो, उन्हाळाभर पायी येणाऱ्या कुणालाही पाणी द्यायचं. त्यानं विचार केला. म्हणाला, "काका, मे महिन्यात आमच्या बायकाच हंडा हंडा पाण्याला लांब जातात. विहीर तळाला जाते. मजुरी दिली तरी गावचं पाणी इथं आणून ओतायचं कसं?"

मी गप्प झालो. पुण्य करायला निघालो होतो, आणि ज्यांच्याकडून घेणार ते पाणी त्यांच्याच हंड्यातलं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. घाटमाथ्यावर पावसाळ्यात धो धो कोसळणारं पाणी कड्यावरून कोकणात निघून जातं आणि मे महिन्यात वरची गावं तहानलेली राहतात. गोविंददासाला हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं माठ ठेवला नाही, टाकं खोदलं.

शेवटी त्या मुलानंच वाट काढली. उन्हाळ्यात जुन्नरहून माल घेऊन जीप येते. त्या जीपमधून पाण्याचे कॅन आणायचे, गावच्या विहिरीला हात लावायचा नाही. पैसे मी द्यायचे, माठ भरायचे त्यानं. जास्तीचं पाणी उरलं तर संध्याकाळी आजीच्या घरी. आम्ही हात मिळवला आणि त्याच्याच ओळखीच्या जीपनं जुन्नरला उतरलो.

त्याच आठवड्यात दोन माठ गेले. पुढच्या उन्हाळ्यातही गेले. पाटी लावू का, असं मुलानं फोनवर विचारलं होतं, अब्बांच्या नावाची. मी नको म्हणालो. ज्यानं तांब्या दिला त्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही, मग ज्यानं घेतला त्याचं तरी कशाला? फक्त एक सांगितलं, माठावर पितळी तांब्या ठेव, आणि त्याला साखळी लावू नकोस. तो म्हणाला, "काका, चोरीला जाईल."

पहिला गेला चोरीला. दुसरा ठेवलाय.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)